पद्मिनीला गारवा हवा, पण वीज कुठून?

मे महिन्यात परभणीहून येलदरी धरणाकडे निघालेल्या दोन गाड्या डोळ्यांपुढे आणा. एक पाच-सात वर्षांची छोटी हॅचबॅक. दुसरी १९७० च्या दशकातली, नव्याने पत्राकाम आणि रंगकाम केलेली प्रीमियर पद्मिनी. मालकाने हौसेने तिला एसी बसवून घेतला आहे, आणि कॉम्प्रेसर घेतला आहे तो पुढच्या हॅचबॅकच्याच मापाचा. मोकळ्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांत छान गारवा. जिंतूरच्या बाजारात मात्र दोघी एका ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे अडकतात. हॅचबॅकवाल्याला काही जाणवतही नाही. पद्मिनीत पाच मिनिटांत जाळीतून कोमट हवा येऊ लागते, तापमानाचा काटा लालकडे झुकतो, हॉर्नचा आवाज बसतो, इंजिन थरथरते आणि बंद पडते.

कॉम्प्रेसर तोच, गॅस तोच, ऊनही तेच. मग बिघडले कुठे?

बहुतेक मालक पहिला संशय गॅसवर घेतात. ‘गॅस कमी असेल, भरून टाका.’ गॅस भरतात, आठवडाभराने पुन्हा तेच. खरे कारण बहुतेक वेळा गॅसच्या नळीत नसते. ते बॅटरीपासून निघणाऱ्या वायरींत, डायनामोत आणि रेडिएटरच्या पुढच्या चार बोटे जागेत असते.

कुर्ल्याची गाडी

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे क्रायसलर कंपनीच्या अमेरिकी गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी संधान जुळले. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे नाव बदलत १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. या टॅक्सींपैकी शेवटची ताडदेवच्या आरटीओत २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. तिला विजेवर चालवायचे होते ते हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि इग्निशन. गारव्याची सोय म्हणजे पुढच्या दारांच्या काचेला लागून असलेली तिकोनी फिरती काच. ती तिरकी केली की वारा थेट छातीवर. एसी या गाडीच्या मूळ आराखड्यात नव्हता. रेडिएटर किती मोठा हवा, डायनामो किती अँपिअरचा हवा, वायर किती जाडीची हवी, याचा सगळा हिशेब एसी नाही असे धरूनच झालेला होता. आता त्या हिशेबात पन्नास वर्षांनी एक नवा, चांगलाच खादाड पाहुणा घुसवायचा आहे.

थंडी तयार होत नाही

एसी थंडी तयार करतो असे आपण बोलतो. प्रत्यक्षात तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार लागते, कारण उडून जाणारे स्पिरिट वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता कातडीतून घेते. गाडीच्या एसीत हेच घडते. फरक इतकाच की उडून गेलेली वाफ वाया न घालवता, दाबून पुन्हा द्रव करून, तिच्याकडून तेच काम दिवसभर करून घेतात.

आज गाड्यांत सर्रास वापरला जाणारा वायू म्हणजे आर-१३४ए. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. पण दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदूही चढतो, आणि सगळी करामत या एका गुणधर्मावर उभी आहे. दाब २८ पीएसआय, म्हणजे साधारण गाडीच्या टायरात असतो तेवढा ठेवला, तर तो शून्य अंशाला उकळतो. दाब २३० पीएसआयवर नेला, तर ६० अंशांनाही तो द्रव होऊ शकतो.

आता फेरी पाहू. डॅशबोर्डखाली ‘कूलिंग कॉइल’ असते. तिच्यात कमी दाबाचा द्रव उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता ब्लोअरने फिरवलेल्या आतल्या हवेतून घेतो. हवा गार होते. झालेली वाफ इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबल्याने ती चांगलीच तापते, बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. हे मुद्दामच केलेले असते. उष्णता नेहमी जास्त गरमाकडून कमी गरमाकडे जाते. बाहेर ४३ अंश असताना उष्णता बाहेर टाकायची, तर वायू ४३ पेक्षा बराच तापलेला हवा. हा तापलेला वायू रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो, तिथे वाऱ्याला उष्णता देऊन द्रव होतो. मग ‘ड्रायर’ नावाच्या डबीत त्यातला ओलावा शोषला जातो आणि शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो पुन्हा कमी दाबाच्या कॉइलमध्ये फवारला जातो. एक फेरी पूर्ण.

म्हणजे गाडी गार राहण्याची किल्ली डॅशबोर्डखाली नाही, ती बॉनेटच्या तोंडाशी आहे. कंडेन्सरवरून पुरेसा वारा वाहिला नाही तर वायू द्रव होत नाही, दाब वाढत जातो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर येतो इंजिनातून. जिंतूरच्या बाजारात उभ्या गाडीत याच साखळीने घात केला.

एक टन, तीन घोडे

घरचा एसी आपण टनात मोजतो. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उचलण्याची क्षमता म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये सांगायचे तर साडेतीन. छोट्या गाडीचा एसी साधारण याच क्षमतेचा असतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला जो पुरतो, तो चार माणसांच्या डब्याला का लागतो? कारण खोलीला भिंती असतात, गाडीला काचा. छपराचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो, पुढे इंजिन धगधगते, खालून डांबर. प्रत्येक माणूस नुसता बसून शंभरेक वॅट उष्णता सोडतो ती वेगळीच.

साडेतीन किलोवॅट उष्णता उचलायला कॉम्प्रेसरला दीड ते दोन किलोवॅट ताकद लागते, म्हणजे दोन ते तीन अश्वशक्ती. कडक उन्हात त्याहूनही जास्त. चाळीस घोड्यांच्या गाडीला तीन घोडे जड का व्हावेत? कारण चाळीस हा आकडा इंजिन पूर्ण वेगात फिरताना मिळतो. सिग्नलला गाडी मंद फिरत असताना इंजिनाकडे जेमतेम स्वतःला फिरत ठेवण्याइतका दम असतो. त्या क्षणी कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून बसला की इंजिन गुदमरते.

नव्या गाडीत संगणक हे आधीच ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या गाडीला संगणक कुठला? म्हणून तिथे एक छोटी युक्ती करतात. कार्बोरेटरच्या थ्रॉटलला एक डायफ्राम जोडतात. एसीचे बटण दाबले की इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, तो डायफ्राम थ्रॉटल किंचित उघडतो आणि आयडलिंग मिनिटाला दोनशेएक फेऱ्यांनी वाढते. मेकॅनिक याला ‘आयडल-अप’ म्हणतात. स्वस्तात काम उरकणारे नेमके हेच गाळतात आणि आयडलिंगचा स्क्रू पिळून मोकळे होतात. मग एसी बंद असतानाही गाडी कायम जोरात घुरघुरते आणि पेट्रोल पिते.

कॉम्प्रेसर हवा तेव्हा जोडायचा आणि नको तेव्हा सोडायचा, ही सोय आपण गृहीत धरतो. पहिल्या एसी गाडीत ती नव्हती. १९३९ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली, जादा किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल डिकीत होती, आणि एसी बंद करायचा तर चालकाने इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने काढून ठेवायचा. दोन-तीन वर्षांतच पॅकार्डने हा नाद सोडला. आजच्या कॉम्प्रेसरच्या पुलीत विद्युतचुंबकाचा क्लच असतो. वीज दिली की पुली कॉम्प्रेसरला धरते, वीज काढली की नुसतीच फिरते. हा क्लच तीन-चार अँपिअर वीज घेतो, आणि इथूनच विजेचा खरा हिशेब सुरू होतो.

बारा व्होल्टची मेख

येलदरीला पूर्णा नदीवरच्या धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. साडेसात मेगावॅटचे तीन संच, एकूण क्षमता २२.५ मेगावॅट. तिथून बाहेर पडणाऱ्या तारा उंच मनोऱ्यांवरून जातात, कारण वीज फार मोठ्या दाबाने पाठवलेली असते. दाब वाढवला की तेवढीच ताकद कमी प्रवाहात नेता येते, आणि प्रवाह कमी म्हणजे तारेत वाया जाणारी उष्णता कमी.

गाडीत नेमका याच्या उलट प्रकार आहे. घरात २३० व्होल्टवर एक किलोवॅटची इस्त्री चालवायला चार-साडेचार अँपिअर पुरतात. तीच ताकद गाडीच्या १२ व्होल्टवर हवी असेल तर ८३ अँपिअर लागतात. दाब इतका कमी असल्यामुळे गाडीत प्रवाह नेहमीच मोठा. आणि प्रवाह मोठा म्हणून वायर जाड हवी, जोड घट्ट हवेत, अंतर कमी हवे. ‘बाराच व्होल्ट आहेत, शॉक थोडाच बसतोय’ म्हणून घरातली उरलेली बारीक वायर वापरणारे इथेच फसतात. बारा व्होल्टने माणसाला शॉक बसत नाही हे खरे, पण गाडी जळून खाक होऊ शकते.

पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर शेती असणाऱ्याला व्होल्टेज ड्रॉप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वर धरण भरलेले असते, पण चारीत गाळ, कडेला पाझर, मध्ये कुणाचे तरी दगड, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल. गाडीत बॅटरी म्हणजे धरण आणि ब्लोअर म्हणजे टेलचे शेत. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन मीटर वायरीतून १५ अँपिअर नेले की पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो. त्यात जुना इग्निशन स्विच, काळवंडलेला फ्यूज, गंजलेला जोड यांनी आपापला वाटा घेतला की बारापैकी साडेदहाच व्होल्ट ब्लोअरपर्यंत पोचतात. एवढ्याने ताकद जवळजवळ चतुर्थांश घटते. हेडलाइटचे तर हाल आणखी वाईट. दीड व्होल्ट गेला की उजेड एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो.

गेलेला दीड व्होल्ट हवेत विरत नाही. तो जोडाच्या ठिकाणी उष्णता होऊन बाहेर पडतो. दशांश ओहमचा एक गंजका जोड आणि १५ अँपिअरचा प्रवाह, यांचा हिशेब येतो २२.५ वॅट. येलदरीच्या केंद्राच्या क्षमतेचा नेमका दहा लाखावा भाग! छोट्या सोल्डरिंग आयर्नचे टोक जेवढ्या विजेवर तापते, तेवढी आग प्लॅस्टिकच्या वेष्टनात, गालिच्याखाली, कुणाला न दिसता.

> चौकट : कोण किती अँपिअर खातो?
> (१२ व्होल्टची छोटी गाडी, अंदाजे)
>
> दोन हेडलाइट : १०
> ब्लोअर, सर्वांत जोरात : १२ ते १५
> कंडेन्सरचा पंखा : ८ ते १०
> कॉम्प्रेसरचा क्लच : ३ ते ४
> इग्निशन कॉइल : ३ ते ४
> मागचे दिवे, डॅशबोर्डचे दिवे : ३
> वायपर, ब्रेकलाइट, हॉर्न (अधूनमधून) : ४ ते ५
>
> सगळे एकदम चालू : ४५ च्या आसपास
> जुन्या छोट्या डायनामोची कमाल क्षमता : १६ ते २२

चौकटीतल्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या की कोडे निम्मे सुटते. कमाई वीस आणि खर्च पंचेचाळीस. तूट भरून काढते बॅटरी, आणि तीही किती वेळ? त्यातून डायनामो वीस अँपिअर देतो तो वेगात. मंद फिरताना जवळजवळ काहीच देत नाही. जुन्या गाड्यांत सिग्नलला डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायचा तो म्हणूनच. बाजारात अडकलेल्या पद्मिनीत कंडेन्सरच्या पंख्याला सर्वांत जास्त वीज हवी होती, तेव्हाच डायनामो झोपला होता. पंखा मंदावला, वायू द्रव होईना, दाब चढला, इंजिन दमले, वेग आणखी पडला, डायनामोने उरलीसुरली मानही टाकली.

आल्टरनेटर या दुखण्यावरचा उपाय. नंतरच्या पद्मिनींत तो होताच. त्यात चुंबक फिरतो आणि वीज स्थिर गुंडाळ्यांत तयार होते, त्यामुळे मोठा प्रवाह कार्बनच्या ब्रशांतून काढावा लागत नाही आणि पुली लहान ठेवून तो जोरात फिरवता येतो. इंजिन मंद असतानाही बऱ्यापैकी वीज मिळते. एसी लावायचा तर ५५-६५ अँपिअरचा आल्टरनेटर धरावा. त्यासोबत डायनामोचा जुना कटआउट-रेग्युलेटर काढावा लागतो, आणि आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायरही बदलावी लागते. वीस अँपिअरसाठी घातलेल्या वायरीतून साठ अँपिअर सोडणे म्हणजे काडी ओढण्यासारखेच.

मॉरिस, ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करणाऱ्याने आधी एक गोष्ट पाहायची. त्यांपैकी अनेकींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. त्या तशाच ठेवून आल्टरनेटर जोडला, तर त्यातले डायोड क्षणात मरतात.

उंदीर, रिले आणि रबराचे वायसर

जुन्या गाडीचे वायरिंग उघडले की तिचा सगळा इतिहास बाहेर पडतो. मूळ वायरी एका रंगाच्या, त्यांत कुणी टेपरेकॉर्डरसाठी जोडलेली दुसऱ्या रंगाची, तिला कुणी फॉगलाइटसाठी दिलेला पीळ, वर काळी टेप, तिचा डिंक उन्हाने वितळून झालेली चिकट लडबड. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद सापडला तरी आश्चर्य वाटू नये. गाडी कधी गोठ्यात किंवा कडब्याच्या शेडमध्ये उभी असेल तर उंदरांनी वायरीची वेष्टने सोललेली असतात, आणि तांबे उघडे पडलेला तो भाग नेमका डॅशबोर्डमागे, हात न पोचणाऱ्या जागी असतो. अशा वायरिंगला ठिगळ लावून वर एसी चढवणे हा शुद्ध अविचार आहे. जाणकार कारागीर एसीचा विषय काढायच्या आधी अख्खे वायरिंग नव्याने बांधायला सांगतो. त्याचे ऐकावे.

नवे वायरिंग करताना मोठा प्रवाह स्विचमधून नेतच नाहीत. त्यासाठी रिले वापरतात. काडेपेटीहून लहान असा हा डबा. त्याच्या बुडाला चार पाय आणि प्रत्येकाशेजारी छापलेला आकडा : ८५, ८६, ३०, ८७. पहिल्या दोघांमध्ये तारेचे बारीक वेटोळे. डॅशबोर्डवरच्या बटणातून त्यात पाव अँपिअरही जात नाही, पण तेवढ्यावर वेटोळ्याचा चुंबक होतो आणि आतली पट्टी ओढतो. पट्टी ३० आणि ८७ यांना जोडते आणि त्या वाटेने तीस अँपिअरही बिनधास्त जातात. म्हणजे पन्नास वर्षे जुन्या नाजूक स्विचने नुसता निरोप द्यायचा. मोठा प्रवाह बॅटरीतून निघून, फ्यूजमधून, रिलेमधून, जवळच्या वाटेने पंख्याकडे. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवतात, कारण फ्यूज वायरीचे रक्षण करतो आणि त्याच्या अलीकडची वायर नेहमीच उघड्यावर असते.

जोड कसा करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. वायरीचे टोक सोलताना तांब्याचा एकही केस तुटू द्यायचा नाही. वर आधी उष्णतेने आकसणारी स्लीव्ह सरकवायची, नाहीतर थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, बसल्यावर ती घालता येत नाही. थिंबलचे दोन कान असतात. आतला तांब्याला धरतो, बाहेरचा वेष्टनाला. बाहेरचा कान न दाबताच सोडला तर सगळा हिसका तांब्यावर येतो आणि इंजिनाच्या थरथरीने वर्षभरात तार आतल्या आत तुटते. दाबण्याचा पान्हा वेगळा मिळतो, पकडीने ते काम होत नाही. शेवटी हाताने ओढून पाहायचे. निघाली तर बरेच झाले, आत्ताच कळले.

इंजिन आणि चालकाच्या मधल्या पत्र्यातून, ज्याला फायरवॉल म्हणतात, वायर आत आणायची तर भोकाला रबराचे वायसर हवेच. पत्र्याची धार सुरीसारखी असते. महिनोन् महिने घासून ती वेष्टन कापते आणि एके दिवशी थेट बॅटरी बॉडीला भिडते.

उरले अर्थचे काम. गाडीत परतीची वायर नसते, परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातूनच जातो. रेस्टोरेशनमध्ये याचीच गंमत होते. गाडी खरवडून, प्रायमर आणि रंगाचे जाड थर चढवून चकाचक केलेली असते, आणि रंग हा उत्तम विद्युतरोधक. अर्थचा स्क्रू रंगावरच आवळला तर नव्या गाडीत आधीपेक्षा जास्त तक्रारी सुरू होतात. स्क्रूभोवती रुपयाएवढी जागा खरवडून पत्रा उघडा करायचा, जोड आवळायचा, मग वर ग्रीस. इंजिन रबरी माउंटिंगवर असते, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांमधला जाड गुंफलेला पट्टाही नवा हवा. तो विसरला की प्रवाह क्लचच्या किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापून अडकते आणि मेकॅनिक कार्बोरेटर उघडून बसतो.

कंडेन्सर, पट्टा आणि अर्धा किलो गॅस

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आता आधीच तापलेला वारा मिळणार. म्हणून रेडिएटरची कोर वाढवून घेतात, मागून इंजिनच्या पंख्याला पत्र्याचे कडे घालतात, आणि विजेचा पंखा देतात. त्याला दोन हुकूम हवेत. एसी चालू झाला की फिर, आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचले की एसी बंद असला तरी फिर.

कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट इंजिनावरच, मूळच्या आट्यांच्या भोकांत बसवतात. बॉडीवर बसवला तर हलत्या इंजिनाशी त्याची पुली जुळणार नाही. तीन पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून पाहतात. दोन मिलिमीटरचा फरक असला तरी पट्टा किंचाळतो आणि एका कडेने झिजतो.

गॅसबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. जुन्या एसींत आर-१२ असायचा. तो वातावरणातल्या ओझोनच्या थराला खातो हे कळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने सोडला. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आर-१२ सोबत खनिज तेल चालायचे, आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. जुना कॉम्प्रेसर तसाच ठेवून नुसता नवा गॅस भरला, तर तेल नळ्यांत पडून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जॅम होतो. जुन्या रबरी नळ्यांतून नवा वायू पाझरतोही जास्त. म्हणून नळ्या, सील, ड्रायर, तेल सगळे नवे. काही ठिकाणी स्वस्ताईसाठी घरगुती एलपीजी भरतात. तो गारवा देतो हे खरे, पण कूलिंग कॉइल बसलेल्यांच्या पायाशी असते आणि तिला गळती लागली तर गाडीत पेटणारा वायू भरतो.

भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढतात, निदान अर्धा-पाऊण तास. दाब इतका उतरला की पाणी साध्या तापमानालाही उकळते आणि आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. मग पंप बंद करून दाबाचा काटा जागचा हलतो का ते पाहतात. हलला तर गळती आहे. गॅस लागतो अर्धा किलोच्या आसपास, आणि तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. ‘थोडा जास्त टाका’ म्हटले की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

पत्रा कापायचा का?

रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमाला मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पहिल्यावहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. तेव्हा मालकाने आधी ठरवायचे, की गाडी प्रदर्शनात मिरवायची आहे की उन्हातान्हात चालवायची आहे. दोन्ही हवे असेल तर एसी असा बसवावा की पुढे कधी काढला तर मागे खूण राहू नये. डॅशबोर्डला भगदाड पाडू नये, त्याखाली लटकणारे सुटे युनिट घ्यावे, काढलेला डायनामो आणि कटआउट जपून ठेवावा.

पत्र्यावर खर्च करायचाच तर भोके बुजवण्यावर करावा. पेडलांच्या आणि गिअरच्या दांड्यांच्या खाचांतून इंजिनाची गरम हवा थेट आत येते. दारांची रबरे पन्नास वर्षांत दगड झालेली असतात. ती बदलली, फायरवॉलला आणि छपराला आतून उष्णतारोधक थर दिला, तर तोच एक टन दीड टनासारखा वाटतो. यात गॅस नाही, अँपिअर नाही, बिघडण्यासारखेही काही नाही. तरी गॅरेजात या कामाला कुणी हौसेने हात घालत नाही.

परभणीच्या मे महिन्याची एक बाजू एसीच्या फायद्याची आहे. दुपारची हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यातच जाते, कारण वाफेचे नुसते एक लिटर पाणी करायचे म्हटले तरी जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता काढावी लागते. परभणीत मेमध्ये गाडीखाली थेंब पडताना क्वचितच दिसतो. जुलैत धरणाकाठची हवा ओली झाली की कॉइलवरून धार लागते. ते पाणी बाहेर काढणारी बोटभर जाडीची रबरी नळी उताराने, सायलेन्सरपासून दूर, फायरवॉलमधून खाली सोडतात. ती तुंबली तर पाणी पुढच्या प्रवाशाच्या पायावर येते, गालिचा भिजतो आणि नवा घातलेला फरशीचा पत्रा पुन्हा सडायला लागतो. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. पावसाळ्याआधी त्यात एक मऊ तार घालून बघायला दोन मिनिटे पुरतात.